ढोल एक, वाजवणाऱ्यासह

आमची लेक डोर्कस चालायला लागली ते वर्ष १८०७. त्याआधीच्या हिवाळ्यात केझायाने, माझ्या बायकोने, मला शेकोटीपाशी बसवून अक्षरं शिकवली. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो आणि गावच्या पलटणीचा ढोल वाजवत होतो. काळ्या माणसाच्या हाती बंदूक द्यायची नाही, ढोल चालेल, अशी रीत होती.

मे महिन्यात कवायतीआधी पलटणीची यादी प्रार्थनागृहाच्या दारावर लागली. मी ती पहिल्यांदाच वाचली. माणसांत माझं नाव नव्हतं. खाली सामानात, निशाण आणि किटली यांच्या मध्ये लिहिलं होतं: ढोल एक, वाजवणाऱ्यासह.

"घोड्याबरोबर खोगीर द्यावं तसं," केझाया म्हणाली. "मग, आता काय?"

"वाचून बसलोय ना. आता न वाचल्यासारखं कसं वागू?"

कवायतीला बोस्टनहून तपासणी अधिकारी आला होता. सगळे गडी सायडरच्या, सफरचंदाच्या दारूच्या, पिंपाभोवती. ढोल ऐकल्याशिवाय ते कधी रांगेत येत नसत.

कॅप्टन बार्स्टो ओरडले, "एबेल, वाजव!"

मी ढोल गवतावर ठेवला. "यादीत ढोल आहे, साहेब. त्यालाच हुकूम करा."

"डोकं फिरलंय का तुझं? गैरहजेरीचा दंड ठोकीन!"

"यादीत नाही तो गैरहजर कसा?"

पिंपापाशी हशा पिकला. एनॉस गिल ओरडला, "कॅप्टनसाहेब, ढोल अगदी शिस्तीत उभा आहे हो!"

अधिकाऱ्याने घोड्यावरूनच विचारलं, "कॅप्टन, तुमची पलटण आहे कुठे?"

बार्स्टोंचे कान लाल झाले. ते कारकून ट्रास्कवर खेकसले, "लिही त्याचं नाव!"

"सामानाखाली जागा आहे," ट्रास्क म्हणाला.

"सामानात नाही, माणसांत," मी म्हणालो.

"माणसांत जागाच नाही."

"माझ्या नावाखाली घाल की," एनॉस म्हणाला. "मी सरकून घेतो जरा."

ट्रास्कने लिहिलं. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं. आडनावात एक अक्षर कमी होतं, तेही घालायला लावलं. मगच ढोल उचलला.

हजेरीत नाव पुकारलं गेलं, एबेल फ्रीबर्न. मी "हजर!" असा ओरडलो, की अधिकाऱ्याचा घोडा बिचकला.

केझायाच्या थडग्याच्या दगडावरची अक्षरंही मी कारागिरासमोर उभं राहून वाचून घेतली. ती १८३१ च्या फेब्रुवारीत वारली.