हमूर बिळात गेला की

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. कुवेतमध्ये रिग्गईच्या आमच्या खोलीत सहा बिछाने होते आणि बाकीच्या पाचांपैकी जवळपास सगळ्यांशी माझं भांडण झालं होतं. फक्त कासमभाईंशी कधी झालं नव्हतं. म्हणूनच बहुतेक त्यांनी मला मासे गरवायला नेलं असावं. ते म्हणायचे, म्हादू, रागीट माणसाच्या हाती मासा लागत नाही, आणि लागला तरी टिकत नाही. मी मान डोलवायचो. मान डोलवायला काय जातं?

कासमभाई रायगडचे, राजपुरीच्या खाडीकाठचे. मी गुहागरकडचा. अम्गऱ्यात बांधकामाच्या लोखंडाचं एक मोठं यार्ड होतं, तिथे ते क्रेन चालवायचे आणि मी खाली रिगर. सळ्यांच्या भाऱ्याला पट्टे आवळायचे, क्रेनचा हूक अडकवायचा आणि हातांनी खुणा करायच्या: वर घे, खाली सोड, थांब. वरच्याने खालच्याच्या हाताकडे बघायचं, खालच्याने वरच्यावर भरवसा ठेवायचा. अकरा वर्षं आमची ही जोडी होती, आणि त्या अकरा वर्षांत माझ्या अंगाला साधा ओरखडा आला नव्हता.

शुक्रवारी सुट्टी. उजाडता उजाडता आम्ही बस धरून फिंतासला जायचो. तिथे दगडांचा एक बांध समुद्रात गेलाय. जुम्म्याच्या नमाजाआधी परत फिरायचं, तोवर गरी पाण्यात. कासमभाईंचं सामान म्हणजे एक जुना पत्र्याचा डबा. त्यात प्लास्टिकच्या बाटलीला गुंडाळलेली नायलॉनची जाड तंगूस, चार-पाच गऱ्या आणि टायरवाल्यांकडच्या भंगारातून आणून वितळवलेलं शिसं. रॉड नाही, रीळ नाही. तंगूस तर्जनीवरून सोडायची आणि बोटाने ऐकायचं, असं ते म्हणायचे. बोटाने ऐकायचं, हे त्यांचेच शब्द. आमिषाला कोलंबी लावली की त्यांना आवडायचं नाही, बारकी चिल्लीपिल्ली कुरतडून खातात म्हणून. जिवंत बोय लावायची, पाठीतून, म्हणजे ती पोहत राहते आणि मोठा मासा तिच्यामागे दगडातून बाहेर येतो.

त्यांचा हात बसलेला जिताड्यावर. खाडीत जिताडा आमिष तोंडात घेतो आणि निघतो, तेव्हा त्याला दोन हात ढील द्यायची, गिळू द्यायचं आणि मग हिसका. पण कुवेतच्या दगडांत जिताडा नाही, हमूर आहे, म्हणजे आपल्याकडचा गोबरा. हमूरला एक वीतसुद्धा द्यायची नाही. दिलीत की तो उलटा वळून बिळात शिरतो, कल्ले फुगवतो आणि तिथेच रुतून बसतो. इथे आल्यावर पहिलं वर्षभर कासमभाईंनी सवयीने ढील दिली आणि मासे घालवले, हे ते स्वतःच हसत सांगायचे.

मी मात्र बिळात गेलेल्या हमूरला ओढायचो. दात-ओठ खाऊन ओढायचो. तंगूस तटकन तुटायची, गरी जायची, शिसं जायचं आणि मी समुद्राच्या आईचा उद्धार करायचो. कासमभाई म्हणायचे, उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मग मला पुन्हा तेच शिकवायचे. बिळात गेला की ओढायचं नाही. तंगूस पूर्ण सैल सोडायची, गप्प बसायचं. त्याला वाटतं गेलं संकट, आणि तो आपण होऊन बाहेर येतो. कधी दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. त्यांनी असे कितीतरी काढले. मला अकरा वर्षांत एकही जमला नव्हता.

दोन हजार चारच्या जानेवारीत मी हौसेने रॉड घेतला. चकचकीत रीळ, बारीक तंगूस आणि पाण्यावर डोलणारा लालभडक फ्लोट. कासमभाईंनी रॉडवरून नुसता हात फिरवला आणि म्हणाले, छान आहे, साहेब लोकांचा आहे. पहिल्याच शुक्रवारी मी तो दगडाच्या खाचेत उभा केला, कासमभाईंना लक्ष ठेवा म्हणून सांगितलं आणि बांधाच्या टोकाशी असलेल्या टपरीवर चहा आणायला गेलो. मला जेमतेम पाच मिनिटं लागली असतील.

परत येताना मी लांबूनच बघितलं. फ्लोट बुडाला. रॉड वाकला, पुढे सरकला, दगडावर खडखडला. कासमभाई त्याच्याकडे तोंड करून बसले होते, मध्ये चार हातांचं अंतर नसेल. आवाज झाला तेव्हा त्यांनी हात पुढे केला, पण भलत्याच बाजूला. रॉड पाण्यात गेला. मी चहा तिथेच टाकून धावलो, पण लाटांवर काही नव्हतं.

माझं डोकं सटकलं. झोपला होतात काय, म्हणून मी ओरडलो. ते म्हणाले, हो रे, डुलकी लागली. पण डुलकी लागलेल्या माणसाचं बोट तंगुशीवर ताठ असतं का? त्यांचं ताठ होतं. मी बघत राहिलो, आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात येऊन बसायला लागली. गेल्या काही महिन्यांत ते गरी ओठांनी चाचपून निवडायचे. बांधावर चालताना पुढचा दगड आधी पायाने बघायचे. आणि दोन-अडीच महिन्यांपूर्वी यार्डात मला म्हणाले होते, हाताच्या खुणा राहू दे म्हादू, शिटी मार. एक शिटी वर, दोन खाली, लांब शिटी म्हणजे थांब. काचेवर ऊन येतं, डोळे दिपतात. मी दुसऱ्याच दिवशी शिटी विकत आणली होती.

त्यांच्यासमोर सहा पावलांवर मी उभा राहिलो. हात लांब करून तर्जनी खाली केली आणि गोल फिरवली. भार खाली सोड, ही खूण ते झोपेतही ओळखतील. त्यांचं तोंड माझ्याकडेच होतं. मी दोन्ही हात पसरले. थांब, ताबडतोब थांब. त्यांनी शांतपणे विचारलं, "गेलास का रे चहा आणायला परत?"

त्याच आठवड्यात मंगळवारी सळ्यांचा दोन टनी भारा शैलेशच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून खाली आला होता. शैलेश आमच्याच खोलीतला, देवरुखचा, माझ्यासोबत खाली काम करणारा. वाऱ्याने झोका बसला असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात ना, तसं चाललं होतं, आणि गायी आम्ही होतो. त्यांचे डोळे मीच झालो होतो, शिटी फुंकून, आणि मला पत्ता नव्हता.

मी त्यांना नको नको ते बोललो. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. उद्याच्या उद्या मुदीरच्या, म्हणजे मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सांगतो म्हणालो. कासमभाई ऐकत गेले. हनुवटी छातीला लावली, खांदे आवळले आणि दगडावर दगड होऊन बसले. मी जितकं ओरडलो तितके ते आत गेले.

आणि मग मला कळलं मी काय करतोय ते. मी ओढत होतो.

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि गप्प राहिलो. मला गप्प बसणं किती जड जातं हे माझं मलाच ठाऊक. घशाशी शिव्या आल्या, त्या गिळल्या. तंबाखू मळली, त्यांच्या हातावर ठेवली. पाणी चढत होतं. कोणी बाई पोरांना घेऊन बांधावरून फिरून गेली. अर्धा तास गेला असेल, जास्तही असेल.

मग तेच बोलले. डोळ्याचा पडदा सुकत चाललाय, डॉक्टरने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, ऑपरेशन नाही, औषध नाही. मधला भाग गेला आहे, कडेने थोडं धुरकट दिसतं. घरी शरीफाभाभींना सांगितलेलं नाही. मुलगी फरजाना नर्सिंगला आहे, तिचं एक वर्ष राहिलंय. तेवढं एक वर्ष त्यांना हवं होतं. "आणि खरं सांगू म्हादू," ते म्हणाले, "वर केबिनमध्ये बसलो की मी कासम क्रेनवाला असतो. खाली उतरलो की गावातला आंधळा."

मला रडू आलं, आणि मी डोळे पुसलेसुद्धा नाहीत, पुसून लपवायचं कोणापासून? पण मी म्हणालो, "शैलेशने त्याची मुलगी अजून बघितलेली नाही, कासमभाई. ती सात महिन्यांची आहे."

मी पुढे म्हणालो की मी मुदीरला सांगणार नाही, कोणालाच सांगणार नाही. पण उद्यापासून शिटीही मारणार नाही. खुणा हातानेच करीन. शैलेशला आणि बाकीच्यांना लांब ठेवीन, खाली मी एकटा उभा राहीन. पुढचं तुम्ही ठरवा. त्यांनी तंगूस बाटलीला गुंडाळली, सावकाश, एकावर एक वेटोळं, आणि आम्ही नमाजाच्या वेळेत परत आलो.

कोणी म्हणेल, हा मूर्खपणा होता. होताच. सांगून टाकायला हवं होतं, एका वाक्यात काम झालं असतं. त्या रात्री मला झोप आली नाही आणि बाजूच्या बिछान्यावर कासमभाईंनाही आली नाही, एवढं मला कूस बदलण्याच्या आवाजावरून कळत होतं. पण माणूस स्वतःहून उतरणं आणि त्याला उतरवणं यात फरक आहे, आणि तो फरक मला त्यांनीच शिकवला होता.

शनिवारी सकाळी ट्रेलर लागला. कासमभाई नेहमीसारखे वर चढले. मी शैलेशला काहीतरी खोटं काम सांगून गेटकडे पिटाळलं. भाऱ्याला पट्टे आवळले, हूक अडकवला आणि भारा व ट्रेलर यांच्या मधोमध उभा राहून हात वर केला. वर घे.

क्रेनचं इंजिन घुरघुरत होतं. हूक हलला नाही. मी हात तसाच धरून ठेवला. ट्रेलरच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. गेटवरून शैलेश ओरडून विचारायला लागला, शिटी विसरलास काय म्हणून. शिटी माझ्या खिशात होती. मारणार नाही म्हणालो होतो, तरी आणली होती. माझा डावा हात खिशात गेला, शिटी मुठीत आली, आणि देवाशपथ सांगतो, ओठांपर्यंत आणायचा मोह झाला. एक शिटी फुंकली असती की दिवस सुरळीत गेला असता, वर्षही गेलं असतं कदाचित. मी ती मुठीतच दाबून धरली. माझा उजवा हात भरून आला होता.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग इंजिन बंद झालं.

केबिनचं दार उघडलं. कासमभाई पाठमोरे होऊन शिडीवर आले आणि एकेक पायरी उतरू लागले. त्या शिडीची शेवटची पायरी जमिनीपासून बरीच उंच आहे. अकरा वर्षं ते तिथून उडी मारायचे. आज त्यांनी एक पाय खाली सोडला आणि तो हवेत जमीन शोधत राहिला, बांधावर पुढचा दगड शोधायचा तसाच. मी पळत गेलो, त्यांची टाच धरली आणि खाली टेकवली.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, कासमभाई. महादेव."

त्यांनी माझा खांदा चाचपला आणि त्यावर हात ठेवला. मुदीरची केबिन यार्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथवर आम्ही तसेच चालत गेलो, बघणाऱ्यांना वाटलं असेल दोस्त गप्पा मारत चाललेत. दारापाशी त्यांनी हात काढून घेतला, शर्ट सरळ केला आणि मला बाहेरच थांबायला सांगून ते एकटे आत गेले.