बांधाखालचा पट्टा

वीरण्णानं थोरल्या भावाच्या टाचेला सुतळीचं एक टोक धरलं, दुसरं अंगठ्यापर्यंत ताणलं आणि तिथं गाठ मारली. पाय गार पडला होता. वीरण्णानं मान वर केली नाही. केली असती तर मल्लिकार्जुनप्पा समोरच बसलेले होते.

लिंगायताचा मयत बसूनच मातीत जातो. नांदेडहून जीपमधूनही मल्लिकार्जुनप्पा बसूनच आले होते. मागच्या सीटवर, एका बाजूला मुलगा बसवराज, दुसऱ्या बाजूला नात शिवगंगा, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. वाटेत दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या एका टोळीचा मुकादम जीप बघून लगबगीनं उठला आणि त्यानं नमस्कार घातला. साहेब तपासणीला आले, असं त्याला वाटलं. बसवराजनं तो नमस्कार वडिलांच्या वतीनं घेतला. रिटायर झालेल्या उपअभियंत्याला एवढा मान उरला, तर तो नाकारायचा कशाला?

समाधीचा खड्डा मयताच्या पावलानं मोजायचा, ही रीत. ज्या माणसानं पावलानं मोजमाप करणाऱ्या मुकादमांना जन्मभर साईटवरून हाकललं, टेप घेऊन या म्हणून, त्याचं स्वतःचं शेवटचं माप सुतळीनं निघत होतं. वीरण्णाला याचं थोडं सुख वाटलं आणि पाठोपाठ त्या सुखाची लाजही वाटली.

भांडण बहात्तरच्या दुष्काळातलं. तेव्हा मल्लिकार्जुनप्पा याच भागात नेमणुकीला होते. गावाला काम हवं होतं, सरकारला पाझर तलाव हवा होता आणि तलावाला जमीन हवी होती. नाल्यावर दोन जागा बसत होत्या. एकीत सात घरांची रानं बुडत होती, दुसरीत एकाच घराचं. ते घर साहेबांचं स्वतःचं. साहेबांनी दुसऱ्या जागेवर खुंट्या मारल्या. सगळं गाव त्या बांधावर माती टाकून जगलं. सात घरांच्या म्हाताऱ्या अजून साहेबांचं नाव घेताना पदर सावरतात. वीरण्णाची काळी जमीन मात्र पाण्याखाली गेली. उरला तो वर चढावरचा एक तुकडा, जिथं वडिलांची समाधी होती, आणि बांधाखालचा एक मुरमाड पट्टा, जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं.

गावानं साहेबांना खांद्यावर घेतलं. वीरण्णानं बोलणं सोडलं.

सोडलं म्हणजे अगदी तोडलं नाही. भाऊ घरी आला की वीरण्णा बायकोला म्हणायचा, साहेबांना विचार, जेवणार हायत का. साहेब हातभर अंतरावर बसलेले असायचे. लग्नकार्यात तो मांडवाच्या खांबाशी बोलायचा आणि खांबाच्या पलीकडून साहेब उत्तर द्यायचे. पाहुण्यांना याची सवय झाली होती. दर खेपेला निघताना साहेब एकच सांगायचे की, वीरू, बांधाखालच्या पट्ट्यात विहीर घे. तलाव आटला तरी त्यानं जमिनीत मुरवलेलं पाणी लगेच जात नाही.

त्यावर वीरण्णाचं खांबाला उत्तर ठरलेलं.

"एक थेंब न्हाई तिथं. पाझर तलाव म्हणं. कागदावर पाझरतो."

खरं तर मध्यंतरी तो कागदावरही पाझरत नव्हता. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा हा तलाव जुन्या जिल्ह्याच्या यादीतून उतरला आणि नव्याच्या यादीत चढलाच नाही. तोवर साहेब रिटायर होऊन मुलाकडे नांदेडला राहत होते. तिथून एस.टी.नं येऊन ते एका कचेरीत चकरा मारू लागले. कारकून अदबीनं म्हणायचा, साहेब, पाणी असेल हो, पण तलाव नाही. शेवटी एका श्रावणात साहेबांनी त्या कारकुनाला भाड्याच्या जीपमधून बांधावर आणलं, काठाशी उभं केलं आणि म्हणाले, तलाव नाही ना, मग सरळ पलीकडे चालत जा. कारकुनानं पाण्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं. महिन्याभरात तलाव अस्तित्वात आला.

यंदा मात्र तो खरोखरच आटला. दिवाळीनंतर तळ उघडा पडला, संक्रांतीला त्याला भेगा गेल्या. वीरण्णाची बायको गुरम्मा कोसभरावरून घागर आणू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला वीरण्णा बांधावर नेऊन कोरडा तळ दाखवायचा, पोराचा पहिला नंबर दाखवावा तसा. एवढ्या वर्षांत त्याला एवढा बळकट पुरावा मिळाला नव्हता.

आणि अशात भाऊ वारला. वडिलांच्या समाधीशेजारची जागा वीरण्णानं स्वतःसाठी धरून ठेवली होती. ती आता थोरल्याला द्यावी लागणार, असं धरून तो काल संध्याकाळपासून गप्प होता. जीपमधून उतरल्या उतरल्या बसवराजनं सांगितलं, की आप्पांची इच्छा वेगळी आहे, त्यांना बांधाखालच्या पट्ट्यात बसवायचं. वीरण्णाला बरं वाटलं. मग का कोण जाणे, वाईटही वाटलं. त्या कुसळात साहेबांनी काय बघितलं होतं?

वीरण्णाचा गडी व्यंकट आणि त्याची दोन माणसं खणायला लागली. छातीएवढं झालं तशी पहार वाजू लागली. मयताला पट्ट्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत बसवलं होतं, बायका भोवती होत्या आणि ऊन चढत होतं.

"मालक, कडक मुरूम लागला," व्यंकट म्हणाला. "बसल्यावर डोकं झाकंल एवढं झालंय. बास करू?"

वीरण्णा हो म्हणणार होता. काठावर उभी असलेली शिवगंगा मध्येच बोलली.

"धाकटे अज्जा, थांबू नका. अज्जांनी मला बजावून सांगितलंय, मुरूम लागला म्हणून थांबायचं नाही. तो फोडून खाली जायचं."

"मेला तरी साईट सोडत न्हाई ह्यो माणूस," वीरण्णा व्यंकटला म्हणाला. मग नातीला विचारलं, "अजून काय म्हणले?"

"काही नाही. हसले नुसते."

माणसं दमली होती. मयताला बसवायचा कोनाडा घरच्यानंच कोरायचा असतो, म्हणून वीरण्णानं त्यांना वर घेतलं आणि धोतर खोचून स्वतः खाली उतरला. साठी उलटलेला माणूस. पण भावाच्या बाबतीत कुणी मदत केलेली त्याला खपत नव्हतं, मग ते भांडण असो की खड्डा. मुरमाचा थर फुटायला वेळ लागला. फुटला तेव्हा पहार एकदम हातभर आत गेली, लोण्यात उलथनं जावं तशी. वीरण्णानं ती उपसून काढली. टोकाला काळपट ओल होती.

त्यानं वर बघितलं. काठावर कुणी नव्हतं. माणसं विडी ओढायला गेली होती, शिवगंगा बायकांत जाऊन बसली होती.

त्यानं पायानं कोरडा मुरूम ओढून त्या भोकावर टाकला. थोड्या वेळानं मुरमाचा रंग बदलला. त्यानं अजून टाकला. तोही बदलला. मग तो दोन्ही पाय जोडून त्यावर उभाच राहिला, जसा पोरगा फुटलेल्या बरणीवर पोतं टाकून उभा राहतो. तळव्याला गार लागत होतं. आता 'झालं' म्हणून वर चढायचं, भावाला घाईनं बसवायचं आणि माती लोटायची. गाव उद्याही कोरडा तळ बघायला येईल. एवढ्या वर्षांचं बोलणं जागच्या जागी राहील.

वरून व्यंकटचा आवाज आला.

"मालक, झालं का? सोडू दोर?"

पाणी बोटांच्या बेचक्यातून वर आलं, मग घोट्यापर्यंत आलं. त्यात त्याची स्वतःची बोटं त्याला दिसेनाशी झाली.

"दोर नगं," तो म्हणाला. "फावडं टाक. आन् बादली."

माणसं काठावर जमली. कुणी मोठ्यानं काही बोललं नाही, मयत होतं. पण मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि बघून झालेला माणूस वळून बाभळीखाली बसलेल्या साहेबांकडे बघत होता. सात घरांपैकी एका म्हाताऱ्यानं पटका काढून हातात घेतला. बसवराजला रडू कोसळलं, आणि ते सकाळच्या रडण्यासारखं नव्हतं. त्याची मान ताठ होती.

विधी करायला आलेल्या रेवणय्या स्वामींना मात्र प्रश्न पडला. पाण्यात समाधी देता येत नाही, आणि समाधीसाठी खणलेला खड्डा रिकामा सोडता येत नाही. तो घरातला दुसरा माणूस मागतो. आधी हा बुजवा, मग दुसरीकडे खणा, असं त्यांनी सांगितलं. माणसं वीरण्णाकडे बघू लागली. तो चिखलानं माखून वर आला होता.

"समाधीचा खड्डा हाय कुठं ह्यो?" वीरण्णा म्हणाला.

"मग काय आहे?"

"हीर हाय. दादानं सांगितली व्हती घ्यायला. घेतली."

स्वामींनी एकदा पाण्याकडे आणि एकदा वीरण्णाकडे बघितलं. मग विहिरीबद्दल शास्त्राचं काही म्हणणं नाही, असं त्यांनी जाहीर केलं.

वीरण्णानं व्यंकटला सुतळी दिली आणि वरच्या तुकड्यात वडिलांच्या समाधीला लागून उगवतीकडची जागा धरायला सांगितलं. ती कुणासाठी ठेवली होती ते व्यंकटला ठाऊक होतं. तो विचारायला थांबला, मग न विचारता गेला.

गुरम्मा डोळे पुसत काठावर आली. तिनं आत डोकावून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"भावजी दिवाळीतच गेले असते," ती नवऱ्याला म्हणाली, "तर माझ्या डोस्क्यावरची घागर तरी उतरली असती."

वीरण्णा बाभळीकडे गेला. बायका बाजूला झाल्या. भावाच्या पुढ्यात तो उकिडवा बसला, हातांचा चिखल धोतराला पुसला आणि पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. मल्लिकार्जुनप्पा ताठ बसले होते, काम बघायला आल्यासारखे.

"दादा," वीरण्णानं हळूच विचारलं, "एवढी बास का अजून खाली घेऊ?"