ती घरीच बसलेली असते म्हणे!

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. बिनहातांची, साध्या लाकडाची. खुर्चीसाठी माणसं एकमेकांच्या उरावर बसतात, असं ऐकून आहे. माझ्यासाठी मात्र कुणी कधी हमरीतुमरीवर आलं नाही. कारण मी असते आजारी माणसाच्या उशाशी.

सुताराने मला जेवणाच्या टेबलासाठी घडवलं. अण्णा माझ्यावर रेलून गप्पांचा फड रंगवायचे आणि पाहुणे म्हणायचे, "काय भक्कम खुर्ची आहे हो!" मग अण्णांचं एक अंग लुळं पडलं, जीभ जड झाली. तेव्हा मला उचलून त्यांच्या पलंगाशी ठेवलं. त्यांच्या मुलीला, ताईला, बसता यावं म्हणून.

बसता यावं म्हणून! माझ्यावर टॉवेल बसले, औषधांचा डबा बसला, ओल्या फडक्यांची बादली बसली. माझं पॉलिश पार उडालं. ताई तेवढी बसली नाही. अण्णांना कुशीवर वळव, भरव, पूस, चादर बदल. जरा टेकली की हाक आलीच. भेटायला येणारे अण्णांना विचारणार, "कसं वाटतंय?" आणि तिच्याकडे बघून म्हणणार, "बरं आहे, ही घरीच बसलेली असते." तिचा थोरला भाऊ, दादा, तर हे उठता-बसता म्हणायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा! अहो, बसण्यातलं खुर्चीला जास्त कळतं की तुम्हाला?

एका गुरुवारी दुपारी शेजारचे शिंपीकाका आले. गळ्यात टेप तशीच. बायकोचं लांबलेलं आजारपण त्यांनी एकट्याने काढलं होतं. आता घरच्या आजारी माणसांना सांभाळणाऱ्या आसपासच्या सगळ्यांना ते दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमवतात. दारातूनच म्हणाले, "बसायला आलोय गं."

"या ना काका, चहा टाकते," म्हणत दमलेली ताई ओट्याकडे वळली.

"अगं बाई, चहा कसला टाकतेस? मी पाहुणा नाही. अण्णांपाशी मी बसतो. तू जा."

"कुठे जाऊ?"

तिला खरंच सुचेना, मित्रांनो. मला भडभडून आलं.

"वाचनालयात जा. तुझ्यासारखेच आहेत सगळे तिथे. रड, हस, हवं तर भिंतीला टेकून झोप."

ताई गेली. परत आली ती बोलतच. तिथे येणाऱ्या एका नर्सबाईंनी आपली कंबर न मोडता माणसाला कुशीवर कसं वळवायचं, ते दाखवलं होतं. आणि कुणीतरी तिला विचारलं होतं, "तू जेवलीस का?" हे तिने दोनदा सांगितलं.

पुढच्या गुरुवारी काका माझ्यावर बसले आणि ताई चपला घालत होती, तेवढ्यात दादा आला.

"हे काय? अण्णांना बाहेरच्यांवर सोडून निघालीस? लोक काय म्हणतील? काही जायचं नाही."

माझा जीव टांगणीला लागला. आज ही मागे फिरली तर पुन्हा उंबरा ओलांडायची नाही, हे मला दिसत होतं.

ताईने दुसरी चप्पल घातली. "मग तू बस."

"मी? मला कामं आहेत. तू तर घरीच..."

"घरीच बसलेली असते ना? मग एक दुपार तूही बसून बघ. आज तू बस नाहीतर काका बसू देत. मी जाणार. पुढच्या गुरुवारीही जाणार."

दादाने आवाज चढवला. तेवढ्यात पलंगावरून अण्णांचा जड शब्द आला, "बस."

पुरे म्हणाले की खाली बस म्हणाले, देव जाणे. दादाने दोन्ही केलं. काका उठले, तो माझ्यावर टेकला आणि ताई ताठ मानेने बाहेर पडली.

टेकला म्हणजे काय, टेकला न टेकला तोच उठला. अण्णांना ठसका लागला, उठला. उशी सरकली, उठला. चादर ओली झाली तेव्हा नुसता उभा राहिला.

"बघतोस काय?" काका म्हणाले. "ती कड धर."

ताई परतली तेव्हा दादाच्या खांद्यावर टॉवेल होता आणि हातात ओल्या फडक्यांची बादली.

मित्रांनो, मला नवं पॉलिश नको. आजारी माणसाला भेटायला जाल तेव्हा फळं ठेवून पळ काढू नका. सांभाळणाऱ्याला म्हणा, "मी बसतो, तू जा." ते माणूस खरंच गेलं तर तोंड वाकडं करू नका. आणि "ही घरीच बसलेली असते" असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने खुशाल माझ्यावर बसून म्हणावं. माझा मागचा एक पाय डुगडुगतो. कधी सटकेल, सांगता येत नाही.