साडेचार फुटांची काठी

ट्रॅक्टर घ्यायचा ठरला तेव्हा बायकोने बागेत जाऊन एक काठी मापून आणली.

बाग लिंबांची. एक एकर, सहा रांगा, दर रांगेत तीस झाडं, सगळी तिनेच लावलेली. झाडं वाढली तशा फांद्या दोन्हीकडून जवळ आल्या आणि रांगांमधल्या वाटा अरुंद होत गेल्या. सगळ्यांत अरुंद वाटेत तिने काठी आडवी धरली आणि फांद्यांना टेकली तिथे कोयत्याने तोडली. साडेचार फूट भरली.

"एवढ्यात मावेल तोच घ्यायचा," ती म्हणाली.

तोवर बागेची मशागत ती पॉवर टिलरने करायची. दोन दांडे धरून त्या यंत्रामागे दिवसभर चालायचं. संध्याकाळी तिचे हात असे थरथरायचे की पेला तोंडाला लावताना निम्मं पाणी अंगावर सांडायचं. नवरा म्हणायचा, "अंगणात बसून पी, निदान सडा तरी पडेल." पण ट्रॅक्टर घेऊ, हे तोच म्हणाला होता. तिच्या हातातला टिलर सुटावा म्हणून घेऊ, असंही म्हणाला होता.

शोरूममध्ये जाताना त्याचा धाकटा भाऊ बरोबर आला. भावाची जमीन बांधापलीकडे, त्याच्याकडे पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, आणि त्याचा आवाज त्या ट्रॅक्टरहून मोठा.

विक्रेता माणूस सरळ होता. "रान किती? त्यात बाग किती?" त्याने विचारलं.

"पाच एकर मोकळं, एक एकर लिंबं."

"मग हा चोवीस हॉर्सपॉवरचा घ्या. मोकळ्या रानाला दोन दिवस जास्त लागतील, पण बागेत आरामात फिरेल."

बायकोने काठी त्या छोट्या ट्रॅक्टरच्या तोंडासमोर आडवी धरली. दोन्ही चाकं काठीच्या आत राहिली. "बसतो," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली होती.

भावाने ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. "दादा, हा ट्रॅक्टर की ट्रॅक्टरचं पिल्लू? याला डिझेल नको, बाटलीने दूध पाजावं लागेल." शोरूममधली चार माणसं हसली. "वहिनी, काठी आणलीत ते बरं केलंत. बसला की हाकायला होईल."

"भावजी, बाग माझी आहे. माप मला माहीत आहे," ती म्हणाली.

ती एवढंच म्हणाली. पण बाग माझी, हे चार माणसांत म्हणाली. नवऱ्याचे कान तापले. त्याने विक्रेत्याला विचारलं, "सगळ्यांत मोठा कुठला?"

मोठा मागच्या बाजूला उभा होता. पंचावन्न हॉर्सपॉवरचा, मागची चाकं माणसाच्या छातीला लागणारी. बायको काठी घेऊन तिथेही गेली. चाकं दोन्हीकडे वीत वीतभर बाहेर आली.

"अहो, हा बागेत शिरायचाच नाही. टिलर माझ्याच गळ्यात राहील."

त्याने तिच्या हातातून काठी घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि मोडली. "आता मोज," तो म्हणाला.

भाऊ मांडीवर थाप मारून हसला. तोही हसला. विक्रेता कागद शोधायला आत गेला. बायकोने दोन्ही तुकडे उचलले, काखेत धरले आणि बाहेर जाऊन बसली.

मोठा ट्रॅक्टर घरी आला. मोकळं रान एका दिवसात नांगरून झालं. मग नवरा तो घेऊन बागेकडे वळला, आणि पहिल्याच वाटेत दोन्हीकडच्या फांद्या कडाकडा मोडून बोनेटवर पडल्या. लिंबाच्या काट्यांनी त्याचे दंड सोलून निघाले. तो मागे आला. बांधावर भाऊ उभा होता, दात कोरत होता.

आता चूक कबूल करायची तर त्या दात कोरणाऱ्या माणसासमोर करायची. ते त्याच्याच्याने झालं नाही. टोपी बसेना तेव्हा त्याने डोकं तासायचं ठरवलं.

"एकाआड एक रांग काढायची," त्याने बायकोला सांगितलं. "कुठल्या काढायच्या ते तूच ठरव. मग म्हणू नकोस, मला विचारलं नाही."

तिने दोन दिवस घेतले. एकेक झाड हाताने चाचपून पाहिलं. मग दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या रांगेतल्या झाडांना जुन्या कापडाच्या चिंध्या बांधल्या. नव्वद चिंध्या. एक झाड चुकून राहिलं, तेव्हा त्याने तिला हाक मारून परत बोलावलं आणि तिच्याकडूनच चिंधी बांधून घेतली.

झाडं निघाली, वाट रुंद झाली. पण टोकाला ट्रॅक्टर वळेना. म्हणून उरलेल्या रांगांच्या दोन्ही टोकांची दोन-दोन झाडं काढली. तेव्हा त्याने तिला विचारलं नाही.

पुढच्या हंगामात उरलेल्या झाडांची पानं पिवळी पडू लागली. जड चाकांनी ओली माती दाबली जाऊन फरशीसारखी घट्ट झाली होती. मुळांपर्यंत पाणी जाईना. बायको कुदळ घेऊन एकेका झाडाभोवतीची माती मोकळी करू लागली. एका झाडाला अर्धा दिवस लागायचा. सगळ्या झाडांची फेरी होईपर्यंत पहिल्या झाडाची माती पुन्हा दाबलेली असायची.

"यापेक्षा टिलर बरा होता," एकदा ती म्हणाली.

"मग तोच धरायचा होतास ना. ट्रॅक्टर कुणासाठी आणला?"

तिसऱ्या वर्षी एका सकाळी तो मोकळ्या रानात ट्रॅक्टर चालवत होता. बागेत बायको झाडाला टेकून बसलेली दिसली. कुदळ बाजूला. त्याला वाटलं, उगाच बसलीय. त्याने हॉर्न वाजवला. ती हलली नाही. पुढच्या फेरीला पुन्हा वाजवला, जरा जास्त वेळ. मग पट्टा पुरा करावा म्हणून आणखी चार फेऱ्या मारल्या आणि तिला दोन शब्द सुनवावेत म्हणून खाली उतरला. जवळ जाऊन बोललाही. दुसरा शब्द बोलताना त्याच्या लक्षात आलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. किती वाजता, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही.

कुदळ चालवणारं कुणी राहिलं नाही, तशी वर्षभरात बाग वाळली. खोडं भावाने साखळी लावून उपटून दिली. "मोठ्या ट्रॅक्टरचा हा फायदा बघ दादा," तो म्हणाला. "मुळासकट येतं."

एक दिवस शेड झाडताना नवऱ्याला कोपऱ्यात टिलर दिसला. दांड्यांना एक काठी लटकवलेली होती. मोडलेले दोन्ही तुकडे जुळवून तारेने घट्ट बांधले होते. तार इतक्या नीट गुंडाळली होती की मोड बोटाला लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन, मोठ्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून शोरूमला निघाला. भाऊ ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चढून बसला. "कुठे, काय," त्याने विचारलं. याने ट्रॅक्टर सुरू केला.

विक्रेता तोच होता, केस पिकले होते. त्याने याला ओळखलं नाही. याने छोट्या ट्रॅक्टरसमोर काठी आडवी धरली. चाकं आत बसली.

"हाच पाहिजे," तो म्हणाला. "मोठा घ्या, हा द्या."

"बागेसाठी का? झाडं किती आहेत?"

तो काठीवरची तार बोटाने चाचपू लागला. भावाने उत्तर दिलं, "एक नाही. सगळं मोकळं रान."

"मग काका, हा घेऊन करणार काय? मोकळ्या रानाला तुमचा मोठाच बरोबर. तुमच्या जमिनीचं मापच तेवढं आहे."

याने काठी छोट्या ट्रॅक्टरला टेकवून ठेवली. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे गेला.

बाहेर भावाने ट्रॅक्टर सुरू केला होता. हा चढून बाजूला बसला. तेवढ्यात विक्रेता दारात आला. "काका, तुमची काठी राहिली."

"टाका मागे ट्रॉलीत," भाऊ म्हणाला. "जळणाला होईल."

आणि तो हसला. सवयीने हाही हसला.