बोंडलं

संग्रहालयाच्या नव्या दालनातल्या वस्तूंच्या सगळ्या चिठ्ठ्या छापून आल्या होत्या, एक सोडून. ती मुद्दाम जुनीच ठेवली होती, बाबांच्या हातची: ‘दिवा. भाजलेली माती. नळीचं टोक फुटलेलं.’ बाबा तीस वर्षं इथले संग्रहपाल. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. आता त्यांच्या खुर्चीत लेक बसत होती आणि उद्या दालन उघडायचं होतं.

“आठवण म्हणून राहू दे गं,” असं संचालकबाई म्हणाल्या, तेव्हा तिलाही बरंच वाटलं होतं.

आज काचेची पेटी बंद करण्याआधी तिने तो दिवा पुसायला घेतला. मूठभर पोट, वर ओतायला तोंड, बाजूला करंगळीएवढी नळी. नळीत बॅटरीचा उजेड टाकला. काजळीचा ठिपकाही नाही. टोकही फुटलेलं नव्हतं, झिजून गुळगुळीत झालं होतं.

सफाईवाल्या मावशी खांद्यावरून डोकावल्या. “हे बोंडलं इथे कशाला मांडलंय? असल्यानेच तर माझ्या तिन्ही पोरांना दूध पाजलं मी. माझं पितळेचं होतं, एवढंच.”

“चिठ्ठीवर दिवा लिहिलंय, मावशी.”

“लिहिणाऱ्याने पोर पाजलं नसेल कधी!” म्हणाल्या आणि त्यांनी जीभ चावली. “अगं बाई, साहेबांचं अक्षर होय?”

तिला हसू फुटलं. चार महिन्यांत पहिल्यांदा, आणि तेही बाबांवरच. ती तान्ही असताना रडायला लागली, की बाबा तिला आईच्या ओटीत टाकत आणि म्हणत, “हा विभाग तुझा.” आई हे सगळ्यांना सांगायची.

संचालकबाईंना मात्र पटेना. “एवढ्यासाठी त्यांचं शेवटचं अक्षर काढायचं? कोणाला कळणार आहे?”

“मावशींना कळलं.”

“लोक म्हणतील, पोरीनेच बापाची चूक चव्हाट्यावर मांडली.”

“म्हणू देत. चूक काचेत ठेवली की बाहेरच्यांना ती खरीच वाटते, बाई. बाबा असते तर आधी मला झापलं असतं, मग स्वतःच चिठ्ठी बदलली असती.”

“झापलं तर असतंच,” बाई हसल्या. “बदल मग.”

तिने चिठ्ठी काढली. ‘दिवा’वर एक सरळ रेघ मारली, ‘नळीचं टोक फुटलेलं’वर दुसरी. ‘भाजलेली माती’ बरोबर होतं, ते राहू दिलं. चिठ्ठी नोंदवहीत चिकटवली आणि नवीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘बोंडलं. तान्ह्या बाळाला दूध पाजायचं भांडं.’

“मावशी, पूर्ण नाव सांगा तुमचं.”

“माझं कशाला?”

“ओळख कोणी पटवली, ते वहीत लिहावं लागतं.”

मावशींनी फडकं खाली ठेवलं, हात पुसले. “मग नीट लिही. आणि मध्ये नवऱ्याचं नाव घालू नकोस. पोरं मी पाजली.”