भिंतीकडे तोंड

आमच्या सांता आना गावात संत तोरिबियोची तसबीर नाही असं घर शोधून सापडायचं नाही. मीच विकते ना त्या, देवळाच्या दारात! गोरटेला तरुण पाद्री, घारे डोळे. धर्मबंदीच्या काळात सरकारी शिपायांनी गोळ्या घातल्या तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता. मेल्यावर तरी उसंत मिळावी की नाही? पण आमची पोरं कामधंद्यासाठी चोरून उत्तरेकडच्या देशाची हद्द ओलांडतात, वाळवंटात वाट चुकतात. त्यांना पाणी पाजायचं आणि रस्ता दाखवायचा, हे काम त्याच्या गळ्यात पडलंय.

ओतिलियाला नेमकं तेच नको होतं. तिचा एकुलता एक लिबोरियो रविवारी पाठीवर पिशवी टाकून निघाला. त्याची बस वळणावर दिसेनाशी झाली तशी ही तरातरा घरात गेली आणि तिने संताचं तोंड भिंतीकडे केलं.

"अगं कोमाद्रे, हे काय?" मी विचारलं. मी लिबोरियोची धर्ममाता, म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो.

"शिक्षा! संत अंतोनियोला उलटं टांगलं की नवरा मिळतो. तुझंच लग्न नाही का जमलं तसं?"

"आणि मिळाला कसला, ते बघतेयस ना!"

"माझं मागणं सोपं आहे. ह्याने मदत करायची नाही. पोरगा हद्दीवर पकडला जाईल, गपचूप घरी येईल. मग फिरवीन तसबीर."

"पकडायला वाळवंटात कोणी भेटलं तर!"

"तू आपलं दुकान सांभाळ."

बुधवारी फोन यायचा होता, आला नाही. गुरुवारीही नाही. ओतिलियाने घेवड्याचं भांडं दोनदा करपवलं, पण तसबिरीला हात लावला नाही. हट्टी बाई! शुक्रवारी दुपारी मात्र ती माझ्या दुकानात येऊन उभी राहिली.

"कोमाद्रे, एक नवी तसबीर दे."

"घरची काय झाली?"

"तिच्याकडे बघायला मला तोंड नाही गं."

मला हसूही आलं आणि रडूही. मी दुकान बंद केलं आणि हाताला धरून तिला घरी नेलं. तिने तसबीर सरळ केली, एप्रनने काच पुसली. "नाही आला घरी तरी चालेल," ती संताला म्हणाली, "जिवंत ठेव फक्त."

शनिवारी सकाळी मी तिच्याकडेच असताना फोन वाजला. लिबोरियोच होता, हद्दीपलीकडून. ओतिलिया आधी रडली, मग तिने त्याला यथेच्छ शिव्या दिल्या.

"पाणी संपलं होतं, आई. गुरुवारी दुपारी हॅटवाला एक माणूस आला. पाणी दिलं, माझ्या मागून ये म्हणाला. थेट रस्त्यापर्यंत सोडलं."

"डोळे घारे होते का रे?"

"काय ठाऊक! सबंध वाट माझ्याकडे पाठच. आभार मानायला पुढे गेलो की तिकडे तोंड फिरवायचा. एवढा भला माणूस, पण कशावर रुसला होता कोण जाणे."

ओतिलियाने फोन ठेवला आणि तसबिरीसमोर मटकन बसली. मला वाटलं, आता मुलगा लांब राहिला म्हणून रडेल.

"माझ्या पोराच्याच वयाचं लेकरू," ती म्हणाली. "शिक्षा मोडली नाही गं त्याने. तशीच भोगत भोगत कामाला गेलं."