नाव घे, शालू

घुगऱ्यांमधला एक हरभरा कच्चाच राहिला होता, भागूबाईच्या दाढेखाली तो कटकन वाजला आणि नेमकं तेव्हाच पद्माबाई म्हणाली, "शालू, आता तुजी पाळी. नाव घे."

बारसं पद्माबाईच्या नातवाचं. पाळण्याभोवती सवाष्णी, आणि मागं चपलांपाशी भागूबाई — पंधराव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली, तिला कोण आग्रह करणार? त्याचं तिला आता काही वाटत नसे. पण शालूला काहून छळतात? नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं कुणाचं नाव घ्यायचं... नाही घेणार ती. माझी शालू नाही घेणार.

शालूनं पदर सारखा केला.

"सुपात जोंधळा, जात्याला हात, किसनरावांचं नाव घेते बारशाच्या घरात."

बाया खिदळल्या, आणि भागूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. किती सहज! ना अडखळली, ना लाजली. म्हणजे यमक जुळवून ठेवलेलंच होतं — मी शिलाई मशीनवर पाय मारत असते, ही शेजारी बसून काजं करत असते, तेव्हा मनात हे घोळत असतं होय! त्या मेल्यानं काय दिलं हिला? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना हिच्या तळहातांना फोड आले, ते कुणी फुंकले? मी. तेव्हापासून एक चूल, एक पांघरूण... पांघरुणाचं तर बोलायचंच नाही, कळमनुरीत त्याला शब्दच नाही, मैत्रिणी म्हणतात लोक आणि मोकळे होतात. आणि तो तिकडं निजामाबादला दुसरी करून बसलाय, तरी रेशनवाला ओरडतो, "किसनरावाचं घर!" आणि ही पिशवी घेऊन पुढं होते. खोली देताना शेषरावानं विचारलं होतं, "पुरुष माणूस कोन हाय तुमच्यात?" तेव्हाही हिनं त्याचंच नाव पुढं केलं. मेला इथं नसून सगळीकडं आहे, आणि मी असून कुठंच नाही.

परतताना बाजार ओलांडेपर्यंत भागूबाई दोन पावलं पुढंच चालत राहिली.

"ऐकलं का," शालू म्हणाली, "काहून फुगून राहिली?"

"लई गोड लागतं त्याचं नाव तुला."

"गोड?" शालू हसली. "बाया मागं लागल्या, घेतलं. किसन, किसन, किसन... हे बग. गल्लीतल्या पोराला हाक मारल्यावानी."

"मंग माजं घे."

शालू थबकली. हसू कुठल्या कुठं गेलं. तिनं मान फिरवली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि पुटपुटली, "तुजं कसं घेऊ मी?"

ती झपझप पुढं निघाली.

भागूबाई तिथंच उभी. अगं, ऐकलं का, आमच्या घरी... इतक्या वर्षांत शालूनं तिला कधी नावानं हाक मारली होती? आठवेना. जनगणनावाला दारात आला की भागूबाईची आई अशीच तोंड फिरवायची, आणि बापाचं नाव शेजारीण सांगायची. हे आठवलं आणि तिच्या कानशिलांत ऊन ऊन काहीतरी चढलं. बाईमाणसानं भररस्त्यात इतकं सुखावू नये म्हणून तिनं उगाच खाकरून घेतलं.

पण मत्सर गेला नव्हता. आईसुद्धा बापाचं नाव घ्यायचीच की — चार बाया हटून बसल्या की, हसत, लाजत. शालूला माझ्या नावासाठी हटून बसणारी बाई या गावात कोण आहे?

पुढं शालू वळून वाट बघत होती. भागूबाईचे पाय काही उचलेनात.